अलास्काची तेलवाहिनी : लाभाचे पारडे आणि धोक्याचे पारडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८६७ साली रशियाच्या झारकडून अलास्का नावाचा अफाट प्रदेश ७२ लक्ष डॉलर देऊन विकत घेतला, तेव्हा बर्फाचे ढिगारे पैसे मोजून घेतल्याबद्दल त्या व्यवहाराची पुष्कळ थट्टा झाली होती. एक शतक उलटल्यावर, १९६८ साली, त्याच प्रदेशाच्या थेट उत्तर किनाऱ्यावर प्रूडो बे या ठिकाणी खनिज तेलाचा एवढा प्रचंड साठा हाती लागला, की तेवढा मोठा साठा त्या देशात पूर्वी कोठेही मिळाला नव्हता. थट्टा थांबली खरी. परंतु त्याबरोबरच एक निराळा प्रश्न उभा राहिला. तेल होते उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे. ज्या समुद्राच्या काठी होते तो समुद्र वर्षातील बहुतेक महिने गोठलेला आणि त्या तेलाचे गिऱ्हाईक हजारो मैल दक्षिणेस. ते आणावयाचे कसे?

या प्रश्नास नाना तऱ्हेची उत्तरे सुचविण्यात आली. कोणी बर्फाखालून जाणाऱ्या पाणबुड्यांची कल्पना मांडली, कोणी राक्षसी आकाराच्या विमानांची. १९६९ साली ‘मॅनहॅटन’ नावाचे एक बळकट तेलवाहू जहाज मुद्दाम बर्फ फोडीत उत्तरेकडील सामुद्रधुन्यांतून पाठविण्यात आले. ते गेले आणि परतलेही. पण येताना त्याने प्रूडो बेचे तेल आणले ते केवळ शकुनापुरते, एक पिंपभर, आणि बर्फाने त्याच्या पोटास भोक पाडले ते निराळेच. अखेरीस जी योजना पुढे आली ती दिसावयास अगदी साधी होती. उत्तर किनाऱ्यापासून दक्षिणेकडील वाल्डीझ या बारमाही खुल्या बंदरापर्यंत अलास्काच्या अंगावरून एक सलग नळ टाकावयाचा आणि तेथून पुढे तेल जहाजांनी न्यावयाचे. नळाची लांबी ८०० मैल, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाहून किंचित कमी. व्यास ४८ इंच. वाटेत तीन पर्वतरांगा आणि पाचशेहून अधिक नद्या-ओढे.

तेलवाहिनीचे अर्थशास्त्र थोडक्यात असे आहे. रेल्वेची वाघीण किंवा रस्त्यावरील टँकर तेल पोहोचवून रिकामा परत येतो. त्यास चालक लागतो, वाट लागते, हवामान अनुकूल असावे लागते. नळास यांतील काहीच लागत नाही. तो स्वतः जागचा हलत नाही, त्यातील माल तेवढा हलतो. एकदा नळ पुरला आणि पंप बसविले, की प्रत्येक पिंपामागे येणारा खर्च अगदी थोडा. शिवाय नळाचा व्यास दुप्पट केला तर लोखंड साधारण दुपटीने लागते, पण तेल चौपटीहून अधिक वाहते. म्हणून नळ जेवढा मोठा तेवढा पिंपामागील खर्च कमी. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सर्व भांडवल आरंभीच गुंतवावे लागते आणि एकदा गुंतविले की ते जमिनीस खिळून राहते. जहाज दुसऱ्या बंदरास नेता येते, नळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून नळाच्या मालकास एकच ध्यास असतो, नळ भरलेला राहिला पाहिजे. या एका गरजेने पुढील पुष्कळ गोष्टी ठरविल्या.

तेलकंपन्यांना घाई किती होती याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९६९ सालीच, कसलीही परवानगी हाती नसताना, त्यांनी जपानमध्ये ८०० मैल लांबीच्या नळाची मागणी नोंदविली आणि त्याच वर्षी नळांची पहिली खेप वाल्डीझच्या धक्क्यावर येऊन पडली. हे नळ पुढे पाच-सहा वर्षे उघड्यावर पडून राहिले. कारण १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत एक नवा कायदा अस्तित्वात आला. कोणत्याही मोठ्या सरकारी निर्णयापूर्वी त्याचा सृष्टीवर काय परिणाम होईल आणि त्यास पर्याय कोणते, याचा लेखी अहवाल तयार करणे त्याने बंधनकारक केले. या कायद्याचा आधार घेऊन निसर्गरक्षक संस्था न्यायालयात गेल्या आणि १९७० च्या एप्रिलमध्ये कामास मनाई झाली. ज्यांच्या पूर्वजांची ती भूमी होती त्या मूळ रहिवाशांनीही आपला हक्क सांगितला. १९७१ साली कायद्याने त्यांस ४ कोटी ४० लक्ष एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लक्ष डॉलर देऊन तो दावा मिटविण्यात आला. तेल नसते तर हा दावा आणखी किती दशके रेंगाळला असता, कोण जाणे!

न्यायालयाने घातलेली ही मनाई म्हणजे प्रगतीच्या वाटेतील धोंड, असे त्या काळी अनेकांचे म्हणणे होते. ते कितपत खरे होते हे समजण्यास अलास्काच्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. तेथील बऱ्याच भागात वरची हात-दोन हात माती उन्हाळ्यात सुटी होते, पण तिच्या खालची जमीन हजारो वर्षे गोठलेलीच आहे. या चिरगोठल्या जमिनीत माती कमी आणि बर्फ अधिक, असाही प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. गोठलेली आहे तोवर ती खडकासारखी टणक. वितळली की पिठल्यासारखी पातळ. आणि प्रूडो बेचे तेल तर पृथ्वीच्या पोटातून चांगले कढत वर येते. कंपन्यांची मूळ योजना हा कढत नळ नेहमीच्या रीतीने बहुतेक सर्व अंतर जमिनीत पुरण्याची होती.

आर्थर लाकनब्रुक या भूशास्त्रज्ञाने १९७० साली याचे गणित मांडून दाखविले. चार फूट व्यासाचा, ८० अंश सेल्सियस तापलेला नळ सहा फूट खोल पुरला, तर अवघ्या काही वर्षांत त्याच्याभोवतीची २० ते ३० फूट व्यासाची जमीन वितळून जाईल. जेथे बर्फ अधिक तेथे नळाखालचा आधारच नाहीसा होईल. उतारावर तर वितळलेला चिखल नळासकट घसरू लागेल. म्हणजे मूळ बेत तसाच पार पडता, तर नळ ठिकठिकाणी वाकून फुटला असता. यात कंपन्यांचेही नुकसान होतेच. तेव्हा जी मनाई खर्चाच्या वहीत दिरंगाई म्हणून लिहिली गेली, तिनेच वस्तुतः भांडवलदारांचे भांडवल वाचविले. असे असूनही तिची नोंद नफ्याच्या बाजूस कोणी केल्याचे दिसत नाही.

या सक्तीच्या विलंबात अभियंत्यांनी नवी रचना केली आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ८०० मैलांपैकी सुमारे ४२० मैल नळ जमिनीच्या वर, खांबांवर उचलून धरण्यात आला. असे सुमारे ७८,००० खांब आहेत. खांबांतून नळाची ऊब जमिनीत उतरू नये म्हणून त्यांतील बहुतेकांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या बसविल्या आहेत. त्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात जाते. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते. तेव्हा नळीच्या बुडाशी असलेला द्रव अमोनिया जमिनीतील उष्णता शोषून वायुरूप होतो, वर चढतो, माथ्यावरील धातूच्या पंखांशी थंडावतो आणि पुन्हा थेंबाथेंबाने खाली उतरतो. घरातील शीतकपाटाचेच हे तत्त्व, पण यास वीज लागत नाही की यंत्र लागत नाही. हिवाळाभर अशा रीतीने गारवा जमिनीत साठविला जातो आणि तो उन्हाळ्यास पुरतो. नळ सरळ रेषेत न टाकता नागमोडी टाकला आहे, तोही हेतुपूर्वक. थंडी-उष्णतेने तो आखडला-प्रसरला तरी आडव्या पट्ट्यांवरून बाजूस सरकतो, तुटत नाही. डेनाली येथील भूभ्रंश जेथे ओलांडावयाचा तेथे नळास वीस फूट सरकण्याची मुभा ठेवली.

जमिनीवरील धोक्यांचा विचार असा बारकाईने झाला. समुद्रावरील धोक्याचे काय? वास्तविक १९७२ साली निघालेल्या नऊ खंडांच्या सरकारी अहवालातच त्यास उत्तर होते. कॅनडातून मॅकेंझी नदीच्या खोऱ्याने खुष्कीचा नळ नेला, तर भूकंपाचा पट्टा बराचसा टळतो आणि जहाजांचा प्रवास तर मुळीच लागत नाही. मात्र तो मार्ग लांबीला कितीतरी अधिक, खर्चाला जास्त आणि परक्या देशातून जाणारा. इकडे वाल्डीझ हे बंदर प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या निमुळत्या, बेटांनी गजबजलेल्या उपसागराच्या टोकास आहे. १९६४ च्या महाभूकंपाने जुने वाल्डीझ गाव असे उद्ध्वस्त केले होते की ते काही मैल हलवून नव्याने वसवावे लागले. त्याच उपसागराच्या काठी कॉर्डोव्हा नावाचे कोळ्यांचे लहानसे गाव आहे. साल्मन आणि हेरिंग या माशांवर तेथील सगळा संसार. या कोळ्यांच्या संघटनेने १९७१ साली न्यायालयात अर्ज केला, तो नळाविरुद्ध असा नव्हता. नळाच्या टोकास जी जहाजे लागणार त्यांच्याविरुद्ध होता. एखादे दिवशी एखादे जहाज खडकावर चढेल आणि आमचे पाणी नासेल, एवढेच त्यांचे साधे म्हणणे होते.

निकाल न्यायालयात लागला नाही, तो विधिमंडळात लागला. १७ जुलै १९७३ रोजी सीनेटमध्ये एक उपसूचना मतास आली. आतापर्यंत झालेला सृष्टिविषयक अभ्यास पुरेसा आहे असे कायद्यानेच जाहीर करावे आणि त्यावर न्यायालयांनी पुन्हा विचार करू नये, असा तिचा आशय. अनुकूल ४९, प्रतिकूल ४९. अध्यक्षस्थानी असलेले उपाध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांनी आपले निर्णायक मत उपसूचनेच्या बाजूने दिले. (हेच गृहस्थ तीन महिन्यांच्या आत करचुकवेगिरीच्या आरोपापायी पदावरून पायउतार झाले, पण मत दिलेले ते दिलेलेच.) पुढे ऑक्टोबरात पश्चिम आशियातील युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल अडविले, पेट्रोलच्या पंपांपुढे रांगा लागल्या आणि मग विरोधास कोणी वाली उरला नाही. १६ नोव्हेंबर १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली.

२० जून १९७७ रोजी प्रूडो बेच्या टोकास नळात पहिले तेल सोडण्यात आले. आरंभी ९० कोटी डॉलरांचा अंदाज असलेल्या या कामास प्रत्यक्षात सुमारे ८०० कोटी डॉलर लागले, आणि बांधकामाशी संबंधित अपघातांत तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाभाचे पारडे मात्र तत्काळ जड झाले. १९८८ साली या एका नळातून रोज वीस लक्ष पिंपे तेल वाहत होते. ते अमेरिकेच्या तत्कालीन उत्पादनाच्या जवळजवळ चतुर्थांश होते. आजवर अठराशे कोटी पिंपांहून अधिक तेल त्यातून गेले आहे. १९८० साली अलास्काने आपल्या नागरिकांवरील प्राप्तीवरचा राज्यकर रद्दच करून टाकला.

या पैशाच्या बाबतीत अलास्काच्या जनतेने दाखविलेले शहाणपण नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९६९ साली तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावातून राज्यास ९० कोटी डॉलर मिळाले होते. ती रक्कम राज्याच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या कित्येक पट होती आणि तरीही ती थोड्याच वर्षांत खर्चून संपली. या अनुभवाने सावध होऊन १९७६ साली लोकांनी मतदानाने राज्यघटनेत दुरुस्ती केली. खनिजांच्या स्वामित्वधनाचा निदान चौथा हिस्सा एका कायम निधीत टाकावयाचा, मुद्दलास हात लावावयाचा नाही. त्या निधीच्या उत्पन्नातून १९८२ पासून दर वर्षी प्रत्येक रहिवाशास, बालकांसही, लाभांश मिळतो. पहिल्या वर्षीचा हजार डॉलर होता. तेल जमिनीतून एकदाच निघते, तेव्हा त्याची किंमत म्हणजे उत्पन्न नसून विकलेली मालमत्ता होय, हा अर्थशास्त्रातील धडा फारच थोड्या सरकारांनी इतक्या स्पष्टपणे ओळखला आहे.

आणि धोक्याचे पारडे? पहिली बारा वर्षे ते आश्चर्य वाटावे इतके हलके राहिले. कॅरिबू नावाच्या रानटी हरणांचे कळप नळास बुजतील आणि त्यांची वाट खुंटेल, ही भीती सर्वांत मोठी होती. माद्या पिलांसह तेलक्षेत्रापासून दूर राहू लागल्या हे खरे, पण मध्यवर्ती कळप १९७० च्या दशकातील सुमारे पाच हजारांवरून २०१० पर्यंत सत्तर हजारांच्या घरात गेला. पुढे तो घटलाही, कारण अशा कळपांची भरती-ओहोटी चालूच असते. १९७८ साली कोणा अज्ञात इसमाने स्फोट करून नळास भोक पाडले आणि सुमारे सोळा हजार पिंपे तेल सांडले. मुख्य नळावरील आजवरची सर्वांत मोठी गळती हीच. २००१ साली एका मद्यपी माणसाने बंदुकीची गोळी झाडली, तेव्हा छत्तीस तास तेलाचे कारंजे उडत राहिले. भूकंपाची परीक्षा मात्र नळ उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. ३ नोव्हेंबर २००२ रोजी डेनाली भूभ्रंशावर ७.९ तीव्रतेचा धक्का बसून नळाखालची जमीन सुमारे चौदा फूट सरकली. काही खांब निखळले, पण नळ फुटला नाही आणि तेलाचा एक थेंब सांडला नाही.

धोका आला तो जेथे कोळ्यांनी बोट दाखविले होते तेथून. २४ मार्च १९८९ रोजी, गुड फ्रायडेच्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी, वाल्डीझहून तेल भरून निघालेले ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे जहाज हिमखंड चुकविण्यासाठी नेहमीची वाट सोडून गेले आणि ब्लाय नावाच्या खडकाळ रीफवर चढले. कप्तान त्या वेळी सुकाणूपाशी नव्हता. चर्चेच्या काळात दुहेरी तळाच्या जहाजांची आश्वासने दिली गेली होती. १९८६ साली बांधलेल्या या जहाजास तळ एकच होता. सुमारे २,५७,००० पिंपे तेल, म्हणजे चार कोटी लिटरांहून अधिक, समुद्रात गेले. नळावरील सर्वांत मोठ्या गळतीच्या हे सोळा पट होते. तेल आवरण्याची सामग्री पाच तासांत पोहोचेल असे कागदोपत्री ठरलेले होते. ती घेऊन जाणारा तराफा दुरुस्तीस काढलेला असल्याने बारा तासांहून अधिक काळ लागला. नंतर वादळ झाले आणि तेल पसरत पसरत तेराशे मैल किनाऱ्यास लागले. अडीच लक्षांच्या आसपास समुद्रपक्षी, सुमारे २,८०० पाणमांजरे आणि पांढऱ्या डोक्याचे शेकडो गरुड मेले असावेत, असा अंदाज आहे. मुंबईकरांनी २०१० च्या ऑगस्टमध्ये बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले तेव्हा उरण-अलिबागकडील काळवंडलेली तिवरे पाहिली आणि मासळीबाजार ओस पडलेला पाहिला. ते सांडलेले तेल सुमारे आठशे टन होते. अलास्कातील त्याच्या चाळीसपटीहून अधिक.

एवढा सावधपणा बाळगणाऱ्या लोकांकडून हे घडले कसे? याचे उत्तर यशात आहे. १९७७ पासून त्या रात्रीपर्यंत आठ हजारांहून अधिक भरलेली जहाजे वाल्डीझहून सुखरूप गेली होती. प्रत्येक सुखरूप फेरीबरोबर पहाऱ्यावरचा माणूस थोडा सैलावतो, सामग्रीवरचा खर्च अनाठायी वाटू लागतो, कपात होते. धोक्याचे गणित करणारे लोक अपघाताचा संभव आणि त्याने होणारी हानी यांचा गुणाकार करतात. तो बरोबरच आहे. पण संभव हा आकडा स्थिर राहतो असे ते गृहीत धरतात, आणि तो तर वर्षे बिनधोक गेल्यामुळेच वाढत असतो.

हानीचा आकडा ठरविणे त्याहून अवघड. बाजारात ज्यास भाव आहे त्याची किंमत करता येते. बुडालेली मासेमारी मोजता येते. परंतु जे पाणमांजर कोणी विकत नाही त्याची किंमत काय? अलास्का सरकारने या कामी अर्थशास्त्रज्ञांकडून देशभरातील कुटुंबांची पाहणी करविली. असा अपघात पुन्हा होऊ नये याकरिता आपण एकदाच किती कर द्याल, असा प्रश्न होता. ज्यांनी अलास्का कधी पाहिले नव्हते आणि पाहण्याचा संभवही नव्हता, अशा कुटुंबांचे मध्यम उत्तर सुमारे ३१ डॉलर आले. सर्व देशाचा हिशेब २८० कोटी डॉलरांवर गेला. अशा काल्पनिक प्रश्नांना दिलेली उत्तरे न्यायालयात पुरावा म्हणून धरावीत काय, यावर मोठा वाद माजला. तेव्हा केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोघा नोबेल-विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले. प्रश्न नीट काटेकोरपणे विचारले असतील तर ही उत्तरे विचारात घेण्याजोगी आहेत, असा अभिप्राय त्याने १९९३ साली दिला. दुसरीकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ जमाखर्चाचा चमत्कार असा, की किनारा धुण्यावर झालेला कोट्यवधी डॉलरांचा खर्च हा त्या वर्षीच्या उत्पन्नात भर म्हणून धरला गेला. मेलेल्या पक्ष्यांची वजाबाकी करण्यास त्या वहीत रकानाच नाही.

कॉर्डोव्हाचे पुढे काय झाले? १९९३ साली हेरिंग माशांचे थवे एकाएकी कोसळले. दोष तेलाचा किती, रोगाचा किती, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. हेरिंगची धंदेवाईक मासेमारी तेव्हापासून बहुतेक बंदच आहे, याबद्दल मात्र वाद नाही. त्याच वर्षी तेथील कोळ्यांनी आपल्या होड्या वाल्डीझच्या अरुंद मुखाशी आडव्या घालून तेलवाहू जहाजांची वाट काही दिवस रोखून धरली. १९९४ साली पंचांनी त्यांना व इतर बत्तीस हजारांच्या आसपास फिर्यादींना दंडादाखल ५०० कोटी डॉलर देवविले. अपिलामागून अपिले झाली, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दंड सुमारे ५१ कोटींवर आणून ठेवला. एकोणीस वर्षांत पुष्कळ फिर्यादी वारले होते, कित्येकांच्या होड्या आणि परवाने विकले गेले होते. येथे या तोलाईतील खरी मेख दिसते. लाभ रोजचे रोज, रोकडा आणि सगळ्या राज्यास वाटून मिळाला. कॉर्डोव्हाच्या कोळ्यासही वार्षिक लाभांश मिळालाच. धोका मात्र एका रात्रीत आणि एका किनाऱ्यास भोवला. एकूण बेरीज अलास्काच्या फायद्याची निघते, यात संशय नाही. पण बेरीज करणारे एक आणि वजाबाकी सोसणारे दुसरे असले, म्हणजे ती बेरीज दाखवून त्यांचे समाधान होत नाही.

या अपघातानंतर सुधारणा झाल्या, आणि त्या भरीव झाल्या. १९९० च्या कायद्याने दुहेरी कवचाची जहाजे टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. भरलेल्या जहाजाबरोबर दोन-दोन रक्षक बोटी चालू लागल्या. किनाऱ्यावरील गावांची एक सल्लागार समिती नेमून तिचा खर्च उद्योगावर टाकला. कॉर्डोव्हास त्या समितीत जागा आहे; १९७१ साली जे अर्ज करून मिळाले नाही ते अठरा वर्षांनी आणि एवढे मोल देऊन मिळाले.

आता नळाच्या वार्धक्याविषयी. प्रूडो बेचे तेल ओसरत गेले आहे आणि वीस लक्ष पिंपांच्या जागी आज रोज पाच लक्षांहूनही कमी वाहते. उत्तरेकडील टोकापासून वाल्डीझपर्यंत पोहोचण्यास पूर्वी साडेचार दिवस पुरत, तेथे आता अठरा दिवसांच्या आसपास लागतात. सावकाश जाणारे तेल वाटेतच थंड होते. मग त्यातील मेण नळाच्या आतील अंगास धरते, पाण्याचा अंश तळाशी बसून गोठण्याची आणि गंज चढविण्याची भीती उत्पन्न होते. ज्या तेलाची ऊब जमीन वितळवील म्हणून एवढा खटाटोप केला, त्यालाच आता वाटेत मुद्दाम ऊब द्यावी लागते! नळ आतून घासून काढण्यासाठी जे यंत्र सोडतात त्यास त्या व्यवसायात ‘पिग’, म्हणजे डुक्कर, म्हणतात. हे डुक्कर वेळच्या वेळी न सोडल्यास काय होते ते २००६ साली दिसले. मुख्य नळास तेल पुरविणाऱ्या प्रूडो बेच्या एका उपनळास गंजाने भोक पडले आणि दोन लक्ष गॅलनांहून अधिक तेल टुंड्राच्या बर्फावर सांडले. तो नळ कित्येक वर्षे आतून घासलाच गेला नव्हता. उत्पन्न घटले की देखभालीचा खर्च जड वाटतो, आणि नेमकी त्याच वेळी नळास देखभालीची गरज वाढलेली असते.

यात भर पडली आहे ती उष्ण होत चाललेल्या हवेची. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश पृथ्वीच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे, आणि त्यास कारण अर्थातच जगभर जळणारे तेल आणि कोळसा. फेअरबँक्सच्या उत्तरेस एका उतारावरील गोठलेली जमीन सैल होऊन नळाचे काही खांब कलू लागले, तेव्हा तेथे शंभरभर नव्या शीतनळ्या रोवण्यास २०२१ च्या सुमारास राज्याने संमती दिली. वाहून नेलेल्या मालाचा धूर वाहकाच्याच पायाखालची जमीन मऊ करीत आहे. १९७० च्या दशकातील नऊ खंडांच्या अहवालात भूकंप होता, गळती होती, कॅरिबू होते. ही एक बाब तेवढी त्या तोलाईत नव्हती.

तथापि नळ बंद करावा, असे अलास्कात म्हणणारे थोडेच आहेत. राज्याच्या तिजोरीचा मोठा भाग अद्याप त्याच्यावर उभा आहे. नळ रिता होऊ नये म्हणून नवी तेलक्षेत्रे उघडण्याचा आग्रह धरला जातो. २०२३ साली विलो या क्षेत्रास मिळालेल्या परवानगीमागे तेही एक कारण होते. म्हणजे आरंभी तेलासाठी नळ बांधला, आता नळासाठी तेल शोधावयाचे. मध्यवर्ती सरकारच्या जमिनीवरून नळ नेण्याचा परवाना २००४ साली तीस वर्षांकरिता वाढवून देण्यात आला, त्याची मुदत २०३४ साली संपते. त्यानंतर तो पुन्हा वाढेल किंवा वाढणार नाही. केव्हातरी मात्र नळ उखडून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी करारान्वये मालक-कंपन्यांवर आहे. त्या कामासाठी वाहतुकीच्या दरात आकार धरून पैसे आधीपासून वसूल केले गेले. पण ते वेगळ्या निधीत बाजूस काढून ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर कोणी केली नाही.